पलीकडच्या परसातली भाजी

टेबलावर घडी घातलेली साडी होती आणि तिच्याभोवती तिघं बसली होती.

साडी फिकट जांभळी, काठाशी किंचित विरलेली. शेजारच्या बंगल्यात नुकतीच भाड्याने राहायला आलेली सृष्टी ती देऊन गेली होती. "मावशींना द्या हं. आमचं परस इतकं छान खुरपून देतात, आणि काही घेतच नाहीत," असं म्हणत, अगदी निर्मळ हसत.

रविराजने आईकडे पाहिलं. तासगावातल्या एका पतसंस्थेत तो शाखाधिकारी होता. इस्त्रीचा शर्ट आणि शुद्ध बोलणं त्याने वीस वर्षं सारख्याच निगुतीने जपलं होतं.

"आई, तू लोकांच्या परसात खुरपायला जातेस?"

"खुरपाया कशाला? भाजी काढाय जाती," मनुबाई म्हणाली. "आपल्यात तू समदीकडं फरशी घातलीस. फरशीवर काय उगवतंय?"

"भाजी नाही ती. तण आहे."

"तुला वळख न्हाई, म्हणून तण."

त्याच्या बायकोने, राणीने, तोंड फिरवून हसू लपवलं. ते त्याला दिसलं आणि अधिकच लागलं.

"लोक तुला मोलकरीण समजतात. कळतंय का? पुन्हा त्या फाटकातून आत जायचं नाही."

"बरं," मनुबाई म्हणाली. जुन्या वाटेवर कुणी नवं कुंपण घातलेलं दिसावं आणि कळपाने मुकाट्याने वळावं, तसा तो शब्द होता.

आटपाडीकडच्या माळांवर, मेंढरांमागे, तिची चाळीस वर्षं गेली होती. संसार घोड्याच्या पाठीवर, चूल दर मुक्कामाला नवी. चालता चालता तिचे हात जमिनीशी लागलेले असत. पाथरीची कोवळी पानं भाकरीबरोबर कच्चीच खायची. चिगळ डाळीत शिजवायची. लोकर कातरताना मेंढीला कात्री लागली, तर एकदांडीचा पाला चुरगाळून जखमेवर दाबायचा. जिथे दोन रात्रींपलीकडे थांबायचं नाही, तिथे पेरणार काय? म्हणून कुणीच न पेरलेल्याशी तिने नातं जोडलं होतं. शेजारचा बंगला रिकामा पडला, त्याच्या परसात पहिल्या पावसाळ्यात चिगळ पसरली, तेव्हा या सिमेंटच्या वस्तीत आपल्या माहेरचं कुणी भेटावं तसं तिला झालं.

आता ती जाईनाशी झाली. सकाळी उन्हात बसून फरशीच्या सांधीतली माती नखाने उकरत राही.

महिन्याभराने एकदा जेवताना रविराजने कोबी बाजूला सारला. "ती आंबटसर भाजी का करत नाहीस गं हल्ली? डाळीतली?"

राणीचा घास थांबला. "कुठनं करू? ती चिगळ पलीकडच्या परसातली हुती."

"मंडईतली म्हणायचीस ना?"

"आत्यांनीच सांगितलं हुतं तसं म्हणाय," राणीने सासूकडे मान वळवली. "तण म्हणलं असतं, तर तुमी ताट सारलं असतं. तीन पावसाळं बोटं चाटून खाताय की!"

मनुबाई भाकरी मोडत राहिली. "ल्हान हुता तवा तर कच्चीच खायाचा," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "दात हिरवं करून फिरायचा मेंढरांच्या वाड्यावर. कोकरं मागं लागायची, त्यांचा घास खातोय म्हणून."

राणी खळखळून हसली. रविराजही हसला, आणि हसता हसता त्याच्या जिभेच्या मुळाशी एक जुना आंबट ओलावा दाटून आला.

रविवारी सकाळी त्याने साडी उचलली. "चल आई," एवढंच म्हणाला.

फाटकाशी सृष्टी आली. त्याने साडी तिच्या हातात दिली. "आमची आई मजुरीला येत नव्हती. भाजी न्यायला येत होती. आम्ही धनगर. तिने मला या पाल्यावर वाढवलंय." या वस्तीत हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर ते वाटलं होतं त्याहून हलकं निघालं.

सृष्टीचा चेहरा उतरला. "मावशी, सॉरी हो. मला खरंच माहीत नव्हतं." मग ती अडखळली. "पण तुम्ही येईनात, आणि हे सगळं गुडघ्याएवढं झालं. घरमालकांनी द्राक्षबागेतला पंप आणून तणनाशक फवारून घेतलं. आठ दिवस झाले."

परस पिवळं पडलं होतं. चिगळीचे मांसल देठ काळपटून जमिनीला चिकटले होते. पाथरी जागच्या जागी करपली होती, आणि त्या सगळ्यावर श्रावणातलं कोवळं ऊन काहीच घडलं नसल्यासारखं पसरलं होतं. मनुबाई उकिडवी बसली. तिने हात पुढे केला, पण एकाही पानाला लावला नाही.

"आये," रविराज म्हणाला. ही हाक त्याच्या तोंडी कित्येक वर्षांत आली नव्हती. "फिरून उगवंल न्हवं गं?"

मनुबाई गुडघ्यावर हात रेटून उठली. वाळल्या रोपांवर पाय पडू नये म्हणून कडेच्या विटांवरून, एकेक पाऊल जपून टाकत, ती फाटकाबाहेर निघून गेली.