बाहेरच्या खुंटीवरचा कोट

शेवटचं पान कोरं ठेवायचं की त्यावर उमेदवाराचा फोटो छापायचा, एवढ्यावर सगळं घोडं अडलं होतं.

पुस्तक छोटंसंच होतं, घरात कुणी गेलं की वाचायच्या प्रार्थनांचं. प्रार्थनामंदिराचं हे प्रकाशन तगून होतं ते त्याच्या जोरावर. मजकूर संपला की शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांत, एक पान उरायचं, आणि लोक त्यावर आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहायचे. यंदा निवडणुकीला उभ्या असलेल्या एका पुढाऱ्याने सगळा कागद देऊ केला होता. घरोघर फुकट वाटा म्हणाला. फक्त त्या उरलेल्या पानावर त्याचे दोन सांत्वनाचे शब्द आणि फोटो.

ताई संपादकाच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची बाबांची. त्यांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि उशी अजून त्यांच्याच बेताने दबलेली होती. ताईला तिच्यात नीट बसता येत नव्हतं, उशी बदलवतही नव्हती.

"सही कर ना, ताई," धाकटा भाऊ म्हणाला. छपाईचं सगळं तो बघायचा. "मशीन थांबलंय. बाइंडरकाका सकाळपासून जांभया देताहेत."

"त्या मी फुकट देतो," दारात टेकून उभे असलेले बाइंडरकाका म्हणाले. "फोटोबिटो मागत नाही."

धाकट्याला हसू आलं नाही. "बाबांचा माणूस आहे हा. त्याचं पोस्टर लावलं होतं त्यांनी घराच्या खिडकीत. पाऊस पडला की ओल्या फडक्याने पुसायचे. त्यांना आनंदच झाला असता."

"झाला असता," ताई म्हणाली.

ते खोटं नव्हतं. तिला स्वतःला तो माणूस डोळ्यासमोर नको असायचा, आणि बाबांशी शेवटचं सविस्तर बोलणं झालं तेही त्याच्यावरूनच. भरल्या ताटावरून ती उठून गेली होती. मग बाबा अंथरुणाला खिळले, आणि पुढचं बोलणं औषधांच्या वेळांचं आणि उशी वर-खाली करण्याचं. आता सही केली तर गेलेल्या माणसाची समजूत काढल्यासारखं होणार होतं. नाही केली, तर समोर कुणी नसताना वाद जिंकल्यासारखं.

"तुझ्या लोकांपैकी कुणी असता, तर डोळे झाकून छापलं असतंस," धाकटा म्हणाला.

तिने खरंच विचार करून पाहिला. "मोह झाला असता," ती म्हणाली.

"मग झालं तर! निदान सुटा कागद आत सरकवू. ज्याला नको तो टाकून देईल."

हे ऐकून ती जवळजवळ हो म्हणाली. कंटाळाच तेवढा आला होता. मान हलवली की हे सगळे उठून गेले असते आणि तिला टेबलावर डोकं टेकवता आलं असतं.

पण उघड्या दारातून बाहेरच्या बोळातली खुंटी दिसत होती. तिच्यावर बाबांचा कोट. घरी न्यायला कुणाचा हात धजला नव्हता. कॉलरवर पक्षाचा बिल्ला तसाच होता. कामावर आले की बाबा तो कोट बाहेरच काढून ठेवायचे आणि मगच आत यायचे.

"काका, थंडीत तरी आत आणायचे का हो कोट?"

"छे! कुडकुडायचे. दात वाजायचे. मी म्हणायचो, तुमच्या पुढाऱ्याला सांगा एखादी शेकोटी पाठवायला." काकांचं मत आयुष्यभर दुसऱ्या पेटीत. दोघांनी चहावर एकमेकांची यथेच्छ सालं काढली होती, सगळी बोळात उभं राहून.

लहान असताना नव्हे, चांगली मोठी झाल्यावर ताईने एकदा टोमणा मारला होता: कोट बाहेर ठेवला म्हणजे मतं बाहेर राहतात का? बाबा प्रुफावरून मान वर न करता म्हणाले होते, "नाही राहत. पण गार वाजतं, म्हणून आठवण राहते."

"नाही छापायचं," ताई म्हणाली. "आणि सुटा कागदही नाही. हे पुस्तक ज्या घरात उघडतात तिथे रडायला दोन्हीकडची माणसं येतात. बाबा गेले तेव्हा काका आले होते. त्यांना मी त्याचा फोटो समोर धरायला लावणार होते का?"

"मी उलटा धरला असता," काका म्हणाले, आणि मग नाक शिंकरत बोळात गेले.

"तूच कळव त्यांना," धाकटा म्हणाला. "मी तोंड दाखवणार नाही."

तिने फोन करून कळवलं. पलीकडचा सचिव गोड बोलला आणि कागद रद्द झाला. घरोघर वाटणं राहिलं. नेहमीएवढ्याच प्रती निघणार होत्या.

बातमी दुपारपर्यंत फुटली. मैत्रिणीचा फोन आला. दोघी एकाच पक्षाच्या. "मस्त जिरवलीस! आमच्या पत्रकात टाकू? धार्मिक प्रकाशनानेही नाकारलं म्हणून?"

"नको."

"नको काय? अगं, तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"मत देईन तेव्हा तुमच्याच," ताई म्हणाली. "आत्ता प्रुफं बघतेय." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. एका दिवसात दोन्हीकडून रुसवा पदरात पडला होता, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही, एवढंच तिला जरा विचित्र वाटलं.

खुर्चीच्या पाठीला तिची कापडी पिशवी लटकत होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत तिच्या पक्षाची घोषणा. बाबा गेल्यापासून ती रोज इथेच लटकत होती आणि ताईच्या ध्यानातही आलं नव्हतं. ताई उठली, बोळात गेली, पिशवी कोटाशेजारच्या खुंटीवर अडकवली. कोटाची बाही जरा सरळ केली. परत येऊन प्रुफावरचा फोटो लाल पेन्सिलीने उभा-आडवा खोडला आणि समासात लिहिलं: पान कोरं.

धाकटा प्रूफ न्यायला आला तेव्हा त्याची नजर खुंटीवर गेली.

"बाहेर टांगली म्हणजे झालं?"

"नाही झालं," ताई म्हणाली. "त्यात माझा डबा आहे. तेवढा आण."

तो घुश्शातच गेला. डबा घेऊन आला, टेबलावर आदळला, आणि क्षणभर उभा राहून म्हणाला, "दोघांना पुरेल का?"

तिने प्रुफं बाजूला सारून जागा केली.