दलदलीच्या बरगड्या

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोसाल्वा क्विंतेरोच्या तळघरात या वर्षी तिसऱ्यांदा पाणी भरलं, आणि पाठोपाठ रहिवासी संघाचं पत्र आलं. पाणी शिरतं ते तुमच्या घराच्या दोषामुळे, निस्तरायचं तुम्हीच, शनिवारी अकराला मतदान. ठराव झाला की तो खर्च तिला झेपणारा नव्हता, घर सोडणं भाग होतं. दवाखान्यात बावीस वर्षं परिचारिकेची पाळी करून राखलेलं घर! आणि घोटाभर पाण्यातलं तळघर दाखवून ते विकायचं तरी कुणाला?

शिकागोपासून दीड तासावरची ही वसाहत, हेरॉन मेडोज. एकशे बारा घरं. भिंतीला कुठला रंग द्यायचा ते ठरलेलं, गवत किती बोटं वाढू द्यायचं ते ठरलेलं. संघाच्या पुस्तिकेत इतिहास म्हणून एकच पान, तेही बिल्डरच्या फोटोचं. जणू त्याच्याआधी इथे कुणी घामच गाळला नव्हता. खोटारडे लेकाचे! आपण कशावर उभे आहोत, हे विचारायचं त्या एकशे बारा घरांत एकालाही सुचलं नाही.

रोसाल्वाने विचारलं. कोपऱ्यावरच्या लहान घरात एमेट व्हॉस राहायचा, चौऱ्याऐंशी वर्षांचा. ही सगळी जमीन एके काळी त्याच्या घराण्याची, मक्याची.

"डॉन एमेट, माझ्याच घरात का हो येतं पाणी?" वडीलधाऱ्यांना ती स्पॅनिश रिवाजाने आदराने डॉन म्हणायची.

"उलटं विचारतेस, पोरी. पाण्याच्या घरात तू आलीस. इथे कंबरभर दलदल होती. माझ्या आज्याने आणि चार मजुरांनी फावड्यांनी चर खणले, पाणी वाहून न्यायला भाजक्या मातीचे नळ पुरले. सात मैल नळ! तेव्हा कुठे बैलाचा पाय जमिनीला टेकला."

"मग ते नळ आहेत कुठे?"

"नकाशा आज्याच्या डोक्यात. आणि तो गेला मी जन्मायच्या आधी."

"बिल्डरला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. म्हणाला, आजोबा, आता प्लास्टिकचा जमाना आहे, तुम्ही आराम करा."

शनिवारी उजाडताच एमेटने तिचं दार ठोकलं. पहाटे चुकार बर्फ पडून गेला होता, जेमतेम दोन बोटं. "वरच्या खिडकीशी ने मला. ऊन चढायच्या आत."

जिना चढताना म्हातारा तीनदा थांबला. रोसाल्वाने पडदा सारला, आणि तिचा हात पडद्यावरच राहिला.

सगळी परसं पांढरी होती. त्या पांढऱ्यावर काळ्या रेघा उमटल्या होत्या, सरळ, समान अंतरावर. कुंपणांखालून, झोपाळ्यांखालून, कुणाच्या फुलांच्या वाफ्यातून बेधडक गेलेल्या. कुणाची हद्द कुठे संपते याची त्यांना फिकीर नव्हती. एखादं प्रचंड जनावर वसाहतीखाली झोपलं असावं आणि त्याच्या बरगड्या वर आल्या असाव्यात, तशा.

"नळातलं पाणी जमिनीची ऊब घेऊन वाहतं," एमेट हळूच म्हणाला, देवळात बोलावं तसा. "वरचा बर्फ आधी वितळतो. मीही सगळ्या एकदम कधी पाहिल्या नव्हत्या, बघ. आमचं घर बैठं होतं."

सगळ्या रेघा एका जाड रेघेला मिळत होत्या. ती रोसाल्वाच्या घराशेजारून सामायिक हिरवळीकडे गेली होती आणि कारंज्यापाशी गपकन थांबली होती. पलीकडे सगळं कोरं.

रोसाल्वा सपाता घालूनच धावली, संघाचा अध्यक्ष ड्वाइट पेनर याच्या दारात.

"ड्वाइट, चल माझ्याकडे. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून बघ."

"अकराला बैठक आहे, रोसाल्वा."

"अकराला बर्फ नसेल."

"तुझ्या झोपायच्या खोलीत? सकाळी सातला? मार्जीन मला घराबाहेर काढेल!"

"तिलाही आण. सगळ्यांना आण."

साडेसातला त्या खोलीत संघाची सगळी समिती धरून नऊ माणसं होती, अर्धी रात्रीच्या कपड्यांत. ड्वाइटने काचेला कपाळ टेकवलं. "ही रेघ... माझ्या ओट्याखालून जाते?"

"तुझं तळघर कोरडं कशामुळे आहे असं वाटलं तुला?" एमेट म्हणाला. "तुझ्या पुण्याईमुळे? तुम्हा सगळ्यांचं पाणी माझा आजा वाहून नेतोय. तुमच्या कारंज्याने त्याचा गळा आवळलाय, म्हणून ते या बाईकडे तुंबतं."

"आणि तिलाच आपण पत्र पाठवलं," मार्जीन नवऱ्याकडे बघत म्हणाली. "वा रे अध्यक्ष!"

मतदान तिथेच झालं, पलंगाभोवती उभ्याउभ्या: पत्र मागे घ्यायचं आणि संघाच्या खर्चाने कारंज्यापाशी खणायचं.

वीज आणि गॅसवाल्यांनी जमिनीखालच्या आपापल्या वाहिन्यांच्या खुणा करून दिल्यावर बुधवारी खणायला घेतलं. चार फुटांवर विटकरी नळ लागला. त्यातूनच बिल्डरच्या लोकांनी कारंज्याचा काँक्रीटचा पाया आरपार ओतला होता. रोसाल्वा खड्ड्यात उतरली. नळाच्या पाठीवर चार बोटांचे ठसे होते. ओली माती उचलताना कुणा मजुराची बोटं रुतली असणार. त्याचं नाव कुठल्याच पुस्तिकेत नाही. तिने हात पुसून त्या ठशांवर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

काँक्रीटच्या पायाला वळसा घालून नवा नळ जोडला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आधी गुरगुर झाली, मग शंभर वर्षांपूर्वीच्या मातीतून पाणी असं धावलं की ड्वाइट दोन पावलं मागे सरकला.

रोसाल्वा घरी आली, तळघराच्या पायरीवर बसली. जमिनीच्या ज्या भेगेतून पाणी वर आलं होतं, त्याच भेगेतून ते खाली चाललं होतं, बोट बोट. पाणी उपसायच्या पंपाचं बटण तिच्या हाताशीच होतं. तिने ते दाबलं नाही. फरशी उघडी पडेपर्यंत ती नुसती ऐकत बसली.