नाकातून येणारं दूध

डॉक्टर फंग यांनी जोसीची निमुळती बोटं आपल्या तळहातावर पसरून पाहिली, मग तिचे इवलेसे कान. चार वर्षांची जोसी हसून काहीतरी म्हणाली. आवाज नेहमीसारखा नाकातून आला. शब्द कुणालाच कळले नाहीत.

"आईवर गेलीये," तिची आजी मर्ल म्हणाली. "कोरीनही अशीच गेंगाणी होती. वर आळशी. पाढे म्हणायला सांगितले की रडारड."

"आई, पुरे ना," कोरीन पुटपुटली. हॅलिफॅक्सच्या या इस्पितळात येताना गाडीतही हेच चाललं होतं.

डॉक्टरांनी जोसीच्या रक्ततपासणीचा निकाल सांगितला. तिच्या बाविसाव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा मुळातच नव्हता. हृदयातलं छिद्र, उशिरा फुटलेलं बोलणं, सगळं त्याच्यापायीच. कोरीन ऐकत होती, पण कानांत नुसतं घुमत होतं.

"कोरीन," डॉक्टरांनी एकदम विचारलं, "लहानपणी दूध पिताना तुमच्या नाकातून यायचं का?"

हे तिने नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचा आवाज ऐकतेय. बोटंही लेकीसारखीच आहेत. तो तुकडा कदाचित तुमच्यातही नसेल. तुमची हरकत नसेल तर तपासून पाहू."

"नाटकं करायची ती," मर्ल म्हणाली, पण तिचा आवाज खोल गेला होता. "मुद्दाम सांडायची. मी तिला बाहेर पायरीवर बसवायचे. बर्फातसुद्धा."

"मुद्दाम नसणार ते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तोंडातल्या टाळूत जोरच नसतो या मुलांच्या, म्हणून दूध नाकात चढतं. पाढेही त्यामुळेच जड जातात."

जोसी खुर्चीखाली घुसून बुटाची नाडी ओढत होती.

"म्हणजे मी ढ नव्हते?" कोरीनने विचारलं. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

परिचारिका सुई घेऊन आली, तोवर मर्लने कोट काढून बाही वर सारलीही होती.

"माझं घ्या रक्त. हे माझ्याकडूनच तिच्यात गेलं असेल."

"तशी शक्यता कमी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हे बहुतेकदा आपोआपच घडतं."

"तरी बघा. नीट बघा." मर्लने उघडा हात परिचारिकेपुढे धरला.

कोरीन उठली आणि आई आणि परिचारिकेच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आई, खाली बस," ती म्हणाली. "आधी माझं."

मर्ल बसली.