नावं ठेवायला जागा

मावशींनी तारेच्या टोकाला दुसरं वजन लटकवलं. खरं तर एकच लटकवायचं असतं. मग चिमट्याने तार नळीच्या तोंडाशी आवळून टाकली.

केसाहून बारीक तार, पुरुषभर लांब नळी. अशा हजारो नळ्या रचून साहेबलोक म्यूऑन नावाचा कण टिपणार होते. तो भिंतीतून, माणसांतून आरपार जातो, कुणाला पत्ता लागत नाही. तारेला तेवढा लागतो.

पास झालेल्या नळीला नुसता नंबर. नापास झाली, की लाल चिठ्ठी; तिच्यावर करणारीचं नाव, आणि ते वहीत कायमचं. शेजारच्या टेबलावरची धांदरट बाई त्या वहीत चौदा वेळा अमर झाली होती. मावशींची अकरा वर्षांत एकही चिठ्ठी नव्हती, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा!

तो तोरा एका रविवारी उतरला. नातीला यंत्र दाखवायला आणलं, तर तिने दारातल्या भिंतीवरची सातशे नावं बोट फिरवत वाचून काढली.

"आजी, तुझं कुठंय?"

सोमवारी मावशींनी साहेबांना विचारलं. ते हसले.

"मावशी, ती शोधनिबंधवाल्यांची नावं. तुमच्या नळ्यांचे नंबर आहेत की!"

त्या हसण्याने मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आज नोकरीचा शेवटचा दिवस आणि ही शेवटची नळी. तपासणीच्या यंत्राने ताण जास्त दाखवला. मावशींनी लाल चिठ्ठी घेतली आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. चिठ्ठी नळीला चिकटवली.

साहेब निरोपाची फुलं घेऊन आले, ते नळीपाशीच थबकले.

"हे काय मावशी? हात थरथरला?"

"हो. वहीत लिहा साहेब. नियम आहे."

"छे! अकरा वर्षं तुमच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. आता जाता जाता कशाला?"

त्यांनी चिठ्ठी सोलून काढली, चुरगाळून खिशात घातली. वहीत नळीचा नंबर लिहिला, पुढे 'तार सदोष', आणि नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

"काळजी करू नका. कुणाला म्हणून कळणार नाही."

मावशींना रडू फुटलं. निरोपाचंच असणार, असं समजून साहेबांनी रुमाल पुढे केला.