खलाशाचा सत्कार

विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव असते. ज्याच्यापाशी ती ठेवली, त्याने सद्‌हेतूनेही ती परस्पर वाटून टाकू नये. डॉ. चारुदत्तांचा हेतू निर्मळ होता. म्हणूनच त्यांचा अपराध अधिक दुःखद वाटतो.

आखातातल्या अल बर्शा वस्तीतील मराठी मंडळात त्यांचे व्याख्यान होते: अमेरिकेची गणवेशधारी आरोग्यसेवा कशी उदयाला आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे आजारी खलाशांसाठी इस्पितळांची सोय झाली. पुढे त्यांतल्या डॉक्टरांना सैन्यासारखे हुद्दे आणि गणवेश मिळाले, आणि हुकूम होईल तिकडे साथीशी झुंजायला ते जाऊ लागले. पहिल्या रांगेत शौकतभाई पत्नी हलिमासह ऐकत होते. रत्नागिरीचे हे निवृत्त खलाशी आता मुलाकडे राहत. व्याख्यानाच्या तयारीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांना बोलते केले, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "म्हणजे डॉक्टरसाब, आमच्या खोकल्यानं तुम्हाला वर्दी मिळाली." मग आवाज हलका करून त्यांनी स्वतःची हकिकत सांगितली, आणि हलिमाला यातले काही ठाऊक नाही, हेही बजावले.

पण शाल-श्रीफळाशिवाय मंडळाचा कार्यक्रम पुरा होतो कुठे? डॉक्टरांनी शौकतभाईंना मंचावर बोलावले, त्यांना शाल पांघरली आणि सांगितले, की तरुणपणी क्षय जडल्यामुळे जहाजाने त्यांना परक्या बंदरात उतरवले. तिथल्या खलाशांच्या इस्पितळाने त्यांना वाचवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. हलिमाचे हात मांडीवरच राहिले.

त्या काळात तिला पत्र नव्हते, खबर नव्हती. नवऱ्याने दुसरा घरोबा केला, असे गावाने तिला ऐकवले होते. परतल्यावर शौकतभाई एवढेच म्हणाले, की जहाज लांब गेले होते. क्षयाचे नाव निघाले तर सासरा मुलीला माहेरी नेईल, या धास्तीने ते गप्प राहिले, आणि मग बोलायचे राहूनच गेले.

मंचावरून उतरल्यावर डॉक्टर हसत शौकतभाईंजवळ आले. सगळे सभागृह रडले, म्हणाले.

"मी तुम्हाला घरात घेतलं होतं, डॉक्टरसाब. तुम्ही घर रस्त्यावर आणलंत." शौकतभाईंनी शाल घडी करून त्यांच्या हाती ठेवली. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

हलिमा दाराशी उभी होती. "दुसरी बाई असती तर भांडले तरी असते मी," ती म्हणाली. "आजारपणात माझीच भीती वाटली तुम्हाला? आणि सांगितलंत कुणाला, तर त्या डॉक्टरांना."

ती पुढे निघाली. जिन्याशी मात्र थांबली, आणि ते येईपर्यंत उतरली नाही.

बोलून चुकलेल्याला, न बोलून चुकलेल्याला, आणि या दोहोंचा भार जिच्यावर पडला त्या माउलीला परमेश्वर शांती देवो.