सेलिन सिस्टरचा हिरवा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, चाकांवर फिरणारा, तीन घड्यांचा. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात माझी लोखंडी चौकट जोडली गेली आणि १९९६ साली मी वसईच्या एका इस्पितळात, कॅज्युअल्टीत आलो. कुणाला इंजेक्शन द्यायचे असले की मला ओढत. एरवी मी कोपऱ्यात उभा, अंगावर ओले टॉवेल वाळवत.

२००१च्या एका सकाळी हेमांगी आली. भातशेतीवाल्या घरातली सून. कपाळाला खोक, सोबत नवरा. "न्हाणीत घसरली," असे तोच म्हणाला. वर्षातली ही तिसरी खेप. आधी दोन्ही वेळा त्याच्यासमोरच विचारले, तिने घसरल्याचेच सांगत मान हलवली आणि टाके घालून तिला घरी पाठवले गेले.

या वेळी पापडी गावच्या सेलिन सिस्टरने नवऱ्याला केसपेपरच्या रांगेत धाडले. मग मला खाटेभोवती ओढून हळूच विचारले, "घरात कोणी मारतं का गं? नसेल सांगायचं तर राहू दे."

हेमांगी म्हणाली, "पानी द्या." पाणी पिऊन ती म्हणाली, "घसरले नाय मी. त्यानं पाट फेकून मारला."

"यात तुझी चूक नाही. आज घरी जायची भीती वाटते?"

"वाटते. होळी बाजारात मावशी हाय माजी."

सिस्टरने बोलावल्यावर डॉक्टर आशालताबाईंनी जखम, जुने वळ आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. "उद्या तक्रार करावीशी वाटली तर हा कागद कामाला येईल," त्या म्हणाल्या.

सिस्टरने फोन लावला. तासाभरात मावशी पुतळाबाई भाजीचे दुकान तसेच टाकून रिक्षाने आली. नवरा "चल घरी" म्हणू लागला.

"ती माज्याकडं येते," पुतळाबाई म्हणाली. "तू जा, भांडी पडली असतील ती घास."

रांगेतली माणसे हसली. टाके ताणले जात होते, तरी हेमांगीही हसली.

त्यानंतर डॉक्टरांनी नियमच केला: प्रत्येक बाईला एकटीला विचारायचे, नातेवाईक बाहेर. टॉवेलांना दुसरी जागा मिळाली आणि मला दिवसभर काम.

पुढच्या वर्षी हेमांगी आली ती धडधाकट, बेला नावाच्या शेजारणीचा हात धरून. बेलाचा ओठ फाटला होता.

"सिस्टर, आधी हिला पडद्याआड घ्या," हेमांगी म्हणाली. "मी भायेर बसते." आणि बाकावर बसून ती पिशवीतल्या वालाच्या शेंगा सोलू लागली, कितीही वेळ लागला तरी चालेल अशी.

मित्रांनो, मी नुसते कापड. पण कुणाच्या अंगावर वळ दिसले, तर चारचौघांत विचारू नका. जरा बाजूला घ्या, विचारा, आणि ती सांगेल ते खरे माना.