पाण्याची नळी

ताईच्या पोटात दुखायला लागलं ते नव्या मशीनमुळे नव्हे. मशीन काय, आज आलं, उद्या भंगारात जाईल. दुखलं ते मशीनच्या खोलीची किल्ली तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या हातात पडली तेव्हा.

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला भांडारवालासुद्धा. एकोणीस वर्षं ती रक्ताच्या नमुन्यांतून डीएनए काढत आली होती. कुठल्या बाळाच्या डीएनएत कुठे बदल आहे, तो आईकडून आला की बापाकडून, हे तिने एकदा लिहून दिलं की डॉक्टर दुसऱ्यांदा विचारत नसत. मग धाकटी शिकून आली. तीही परीक्षा देऊन, रीतसर मुलाखतीतून, म्हणजे वशिल्याने आली म्हणायचीही सोय नाही. घरात तिला छकुली म्हणत. चौतिशी उलटली तरी छकुलीच! ताई दिवसभर मान मोडून एक जागा तपासायची, तेवढ्यात छकुलीचं मशीन हजारो जागा वाचून मोकळं व्हायचं.

"ताई, दमतेस गं तू," छकुली म्हणायची. "दे इकडे, मी मशीनवर घालते."

ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

खोलीची दुसरी किल्ली कपाटात असे. छकुली यायच्या आधी, सकाळी साडेआठला ताई तिथे जाऊन येऊ लागली. उद्देश स्वच्छ होता: खोट काढणे. छकुली आदल्या संध्याकाळी नळ्या ओळीने मांडून वर झाकण ठेवून जायची. ताई ते उचलायची, ओणवी होऊन एकेक नळी न्याहाळायची. चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क हनुवटीखाली. "मोठी आली शहाणी," असं काहीबाही पुटपुटायची, काहीच खोट सापडली नाही की जास्तच पुटपुटायची, आणि झाकण ठेवून निघून यायची.

आता तिथला एक नियम सांगायला हवा. दर खेपेला नमुन्यांच्या नळ्यांसोबत एक नळी नुसत्या पाण्याची लावतात. तिच्यातून काहीच निघता कामा नये. निघालं तर समजायचं की बाहेरून कुणाचा तरी डीएनए आत पडलाय, आणि मग अख्खी खेप फेकून द्यायची. छकुलीची पाण्याची नळी पंधरा दिवसांत दोनदा दगा देऊन बसली. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे बाई म्हणत, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तिसऱ्यांदा झालं तर खोली ताईंकडे."

ताईला वाईट वाटायला हवं होतं. तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बुधवारी दुपारी तिसऱ्यांदा झालं. नळीत कुणाचा डीएनए पडला ते शोधायला तिथे काम करणाऱ्या अकराही जणांचे कागद कपाटात ठेवलेले असत. माणसामाणसांत ज्या जागा वेगळ्या असतात अशा सोळा जागा, प्रत्येक जागेचे दोन आकडे. एक आईचा, एक बापाचा. पाण्याच्या नळीतून यातल्या पाचच जागा उमटल्या होत्या, त्याही अंधुक. ताईने थेट छकुलीचा कागद ओढला. तीन जागा तंतोतंत जुळल्या. उरलेल्या दोनांत एकेकच आकडा जुळत होता. 'अंधुक आहे, चालायचंच,' ताई मनाशी म्हणाली. हाताखालच्या कुणी असा अहवाल आणला असता तर तिने तो त्याच्या तोंडावर परत केला असता.

ती तडक बाईंकडे गेली. "तिचाच आहे. पाचांत तीन जागा जुळतात."

"आणि बाकीच्यांचे कागद?"

"बाकीचं त्या खोलीत जातंय कोण?"

"ताई, सगळ्यांचे कागद ताडून बघायचे, हा नियम तुम्हीच लिहिलाय ना?"

ताई नाक मुरडत परत आली आणि एकेक कागद लावून बघू लागली. नऊ जणांचं काहीच जमेना. दहावा छकुलीचा, तो झालाच होता. अकरावा तिने केवळ मोजणी पुरी व्हावी म्हणून काढला, कारण तो तिचा स्वतःचा होता.

पाचही जागा जुळल्या. दोन्ही आकड्यांसकट.

तिने पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत बसली. एकाच आईबापाची लेकरं असली की काही जागा सारख्या निघायच्याच, हे तिने आजवर शेकडो घरांना समजावून सांगितलं होतं. आज तेवढंच विसरली. आणि उघड्या नळ्यांवर तोंड नेऊन रोज सकाळी कोण पुटपुटत होतं, हे काही मशीनला विचारायला नको होतं. तिने कागदाची घडी घातली. हा एक कागद हरवला तर कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात छकुली आली आणि तिने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"बाईंकडेच निघालेय. माझ्याच हातून झालं म्हणून सांगते. खोली तू घे."

"तुझ्या हातून? कशावरून?"

छकुली खाली बघत म्हणाली, "ताई, आज मी लवकर आले होते. काचेतून बघितलं तुला. मास्क खाली होता." मग घाईघाईने, "जाऊ दे ना. एकोणीस वर्षांत तुझी एक चूक नाही. माझं काय, मी नवी आहे, मला चालतं."

ताईला तिचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. गुण हिचे, मशीन हिचं, आईबापाचे लाड हिचे, आणि आता दोष घ्यायलाही हीच पुढे! मोठी बहीण म्हणून काही शिल्लक ठेवलंय की नाही हिने? तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

छकुली दाराकडे वळली.

"थांब गं," ताई ओरडली. तिने घडी उलगडली, किल्ली उचलून छकुलीच्या एप्रनच्या खिशात कोंबली आणि तिला खांद्याने बाजूला सारलं. "एकदा तरी मला आधी जाऊ दे."

बाईंच्या दारावर टकटक करण्याआधी तिने चष्मा काढून पुसला. मग मास्क नीट नाकावर चढवला आणि आत गेली.